वडिलांच्या वेळची अँजिओप्लास्टी आणि तुमच्या वेळची

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. डोंबिवलीचे गृहस्थ, वय ५४, मधुमेहाला सहा वर्षं झालेली. दादरचा पूल चढताना छातीत भरून येतं, उभं राहिलं की दोन मिनिटांत ओसरतं. अँजिओग्राफीत (धमन्यांत रंग सोडून काढलेल्या एक्स-रे चित्रांत) हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या एलएडी या धमनीत ८० टक्के अडथळा आणि उजव्या धमनीत ६० टक्के. डॉक्टर म्हणतात स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, टाकू. आई म्हणतात, मुळीच नाही. १९९३ साली वडिलांना ‘फुगा मारला’ (धमनीत बारीक फुगा फुगवून अडथळा रुंद केला, म्हणजेच अँजिओप्लास्टी), चार महिन्यांत बंद. पुन्हा मारला, पुन्हा बंद. शेवटी १९९४मध्ये बायपास (अडथळ्याला वळसा घालून दुसरी नळी जोडण्याचं ऑपरेशन) झाली आणि त्यानंतर ते २२ वर्षं जगले. म्हणून मेव्हण्याचं म्हणणं, थेट बायपासच कर. आणि यांचा प्रश्न: “रिझल्ट खरोखर सुधारलेत, की हे हॉस्पिटलवाल्यांचं बोलणं आहे?”

आईंचं काही चुकलेलं नाही. त्यांनी जे पाहिलं ते तेव्हा रोजचंच होतं. मी त्याच सुमारास मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात कॅथलॅबमध्ये (धमनीत नळी घालून हे सगळं करतात त्या खोलीत) शिकत होतो. सकाळी अँजिओप्लास्टी ठरली असेल तर आदल्या दिवशी सर्जनना सांगून ऑपरेशन थिएटर रिकामं ठेवायला लागायचं. फुगा फुगवल्यावर धमनीची आतली कातडी फाटली आणि तिची घडी आत पडली तर नळी तिथेच बंद व्हायची. मग रुग्ण टेबलावरून थेट थिएटरमध्ये. अगदी सुरुवातीच्या वर्षांत, १९८०च्या आसपास, अमेरिकेच्या नोंदींत १०० पैकी सहा-एक रुग्णांवर अशी तातडीची बायपास करावी लागली होती. आता हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आहे. सर्जनना निरोप धाडायची वेळ माझ्यावर शेवटची कधी आली, ते मला आठवून सांगावं लागेल.

आणि टेबलावर सगळं नीट झालं तरी गोष्ट संपत नसे. नुसत्या फुग्याने रुंद केलेली जागा सहा महिन्यांच्या आत १०० पैकी ३० ते ४० जणांत पुन्हा अरुंद व्हायची. धमनी लवचीक असते, ताणली की परत आखडते. शिवाय आत झालेली जखम भरताना पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात. मधुमेहात त्या आणखी वाढतात. तुमच्या वडिलांचं दोनदा बंद झालं ते कुणाच्या हलगर्जीमुळे असं मानू नका. तंत्रच तेवढं होतं. (त्या काळी आम्ही फुगे धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरायचो हेही खरं. नवा घ्यायला पैसे कुणाकडे होते?)

गंमत अशी की जगातली पहिलीच केस फार चांगली निघाली होती. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी एका ३८ वर्षांच्या माणसाच्या एलएडीत फुगा फुगवला. दहा वर्षांनी त्याची अँजिओग्राफी केली तेव्हा ती जागा उघडीच होती. ते पाहायला ग्रुंटसिग नव्हते, १९८५मध्ये विमान अपघातात ते गेले. पण एका रुग्णाचं चांगलं झालं म्हणजे सगळ्यांचं होईल असं नसतं, आणि एकाचं बिघडलं म्हणून सगळ्यांचं बिघडेल असंही नसतं. आईंना हे सांगताना मात्र जरा जपून सांगा. त्यांच्या दृष्टीने तो ‘एक रुग्ण’ नव्हता.

स्टेंट आला तो आधी त्या फाटलेल्या कातडीला टेकू म्हणून. १९८६मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये उलरिश सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिले स्टेंट बसवले. धातूची जाळी, आतून आधार देणारी. १९९४मध्ये दोन मोठे अभ्यास आले. त्यांतल्या एकात, बेनेस्टेंटमध्ये, पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण फुग्याने ३२ टक्के आणि स्टेंटने २२ टक्के निघालं. आज हे आकडे वाचून कुणी टाळ्या वाजवणार नाही. आम्ही तेव्हा वाजवल्या.

त्या टाळ्यांची किंमत रुग्ण मोजायचे. धातू रक्तात आला की गुठळी होणार, म्हणून ती होऊ नये यासाठी हेपरिन, वॉरफरिन, जे जे होतं ते सगळं द्यायचो. आणि सगळं मांडीतून व्हायचं. मांडीच्या सांध्यात जाड नळी घातलेली, ती काढल्यावर अर्धा तास दाबून धरायची, वर वाळूची पिशवी, आणि रुग्ण रात्रभर सरळ झोपलेला. पाय वाकवायचा नाही. एवढं करून तिसऱ्या दिवशी मांडी काळीनिळी आणि हिमोग्लोबिन उतरलेलं. माझ्या पहिल्या काही वर्षांत हृदयापेक्षा मांडीचीच काळजी मी जास्त केली असेन.

हे दोन गोष्टींनी सुटलं. मिलानच्या अंतोनियो कोलंबो यांनी धमनीच्या आतून सोनोग्राफी करून दाखवलं की मोठा दोष जाळी नीट न उमलण्यात आहे. ती जास्त दाबाने भिंतीला पक्की चिकटवली तर वॉरफरिन लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ॲस्पिरिनबरोबर दुसरी एक गोळी, तेव्हाची टिक्लोपिडीन आणि नंतरची क्लोपिडोग्रेल. १९९८च्या एका अभ्यासात पहिल्या महिन्यात गुठळी होण्याचं प्रमाण नुसत्या ॲस्पिरिनवर ३.६ टक्के होतं, ॲस्पिरिन आणि वॉरफरिनवर २.७ आणि या दोन गोळ्यांवर ०.५. माझ्या मते या सगळ्या इतिहासात नव्या यंत्रांनी जितके जीव वाचवले तितकेच या गोळ्यांच्या जोडीने वाचवले असतील. पण गोळीची जाहिरात कोण करतो!

मनगटाचंही असंच. माँट्रियलचे ल्युसियाँ कांपो यांनी १९८९मध्ये मनगटातून अँजिओग्राफी केल्याचं लिहिलं. १९९२मध्ये ॲमस्टरडॅमचे फर्डिनांड किमेनाय मनगटातून अँजिओप्लास्टी करू लागले. आमच्यातल्या ज्येष्ठांनी बरीच वर्षं नाक मुरडलं. आज मनगट हाच पहिला रस्ता आहे. रक्तस्राव कमी होतो, रुग्ण दोन तासांत उठून बसतो, दुसऱ्या दिवशी घरी. वाळूची पिशवी काय असते हे माझ्या नव्या रेसिडेंटना सांगावं लागतं.

आता तुमच्या मूळ शंकेकडे, पुन्हा बंद होण्याकडे. २००२मध्ये रॅव्हेल नावाचा अभ्यास आला. त्यात पेशींची वाढ रोखणारं औषध लावलेले स्टेंट वापरले होते. सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद झालेले रुग्ण: साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के, औषधी स्टेंटमध्ये शून्य. शून्य! तो आकडा स्क्रीनवर पाहिल्यावर पहिल्यांदा मला तो छापण्यातला घोळ वाटला होता. मोठ्या अभ्यासांत तो शून्य अर्थात टिकला नाही, पण फरक टिकला.

मग २००६मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत थंड पाणी पडलं. या स्टेंटमध्ये वर्षा-दोन वर्षांनी, कुणी विचारही करणार नाही अशा वेळी, अचानक गुठळी होते असं दिसू लागलं. औषध पेशींची नको असलेली वाढ थांबवतं, तसंच जाळीवर चढायला हवं असलेलं पातळ अस्तरही लांबवतं. पुढच्या वर्षीच्या एका युरोपीय पाहणीत हे प्रमाण दरवर्षी ०.६ टक्के असं निघालं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अशी गुठळी म्हणजे थेट मोठा ॲटॅक. आमच्या ओळखीतला एक जण दाढ काढायला गेला, दाताच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या, त्याने आम्हाला न विचारता केल्या. पाचव्या दिवशी तो रुग्णवाहिकेतून आला. वाचला, पण हृदयाचा पंप निम्म्यावर आला.

त्यानंतरची सुधारणा गाजावाजा न होता झाली. जाळीच्या तारा बारीक झाल्या. सुरुवातीच्या औषधी स्टेंटची तार १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती, आजच्या चांगल्या स्टेंटची ६० ते ८०. वरचा लेप बदलला, औषधं बदलली. सुरतेत बनणाऱ्या सुप्राफ्लेक्स या स्टेंटची युरोपात तिथल्या नावाजलेल्या स्टेंटशी तुलना झाली आणि २०१९मध्ये तो कमी पडत नाही असं निघालं. ‘इंपोर्टेड टाका’ म्हणून हट्ट धरणाऱ्या नातेवाइकांना मी हे मुद्दाम सांगतो. मधे विरघळणाऱ्या स्टेंटची एक लाट आली होती. कल्पना सुंदर, पण तार जाड आणि गुठळ्या जास्त. त्यातला सगळ्यांत गाजलेला २०१७मध्ये बाजारातून गेला. नवं ते सगळंच पुढे जाणारं नसतं हे आम्ही तेव्हा नव्याने शिकलो.

आज साध्या अडथळ्यात औषधी स्टेंट टाकला तर पहिल्या वर्षात त्याच जागेसाठी पुन्हा यावं लागणारे १०० पैकी पाचच्या आसपास. मधुमेह, बारीक धमनी किंवा लांब अडथळा असेल तर जास्त. त्यानंतर दरवर्षी साधारण दोन जणांना त्या स्टेंटचा काही ना काही त्रास होतो, आणि हा आकडा वर्षं उलटली तरी शून्यावर येत नाही. म्हणजे वडिलांच्या वेळी ३५ जणांची जागा पुन्हा अरुंद व्हायची, आता पाच जणांना तिच्यासाठी परत यावं लागतं. मोजमाप अगदी एकच नाही, पण फरक मोठा आहे. एवढं आईंना नक्की सांगा.

यात एक मेख आहे. दोन काळांचे आकडे शेजारी ठेवताना रुग्णही बदललेत हे धरायला हवं. ऐंशी-नव्वदच्या दशकात आम्ही फुग्यासाठी निवडून माणूस घ्यायचो: एकच धमनी, सरळ, छोटा मऊ अडथळा, वय पन्नाशीचं. आज त्याच टेबलावर ८२ वर्षांच्या आजी असतात, किडनी अर्धी गेलेली, धमन्यांत दगडासारखा चुना, आधी एकदा बायपास झालेली. तो चुना हिऱ्याची भुकटी लावलेल्या ड्रिलने किंवा ध्वनिलहरींनी फोडून मग स्टेंट टाकतो. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाचा मृत्युदर वीस वर्षांत तेवढाच दिसला तर तिथे सुधारणा नाही असं समजू नका. सोप्या केसेस गोळ्यांवर गेल्या, अवघड आमच्याकडे आल्या.

आता अशी गोष्ट सांगतो जी माझ्या धंद्याला फारशी सोयीची नाही. ‘रिझल्ट सुधारले’ याचा अर्थ स्टेंटने आयुष्य वाढतं असा सगळे घेतात. चालताना दुखणाऱ्या, बाकी स्थिर असलेल्या रुग्णात तसं सिद्ध झालेलं नाही. २००७च्या करेज अभ्यासात २,२८७ रुग्ण होते: अर्ध्यांना गोळ्या, अर्ध्यांना गोळ्या आणि स्टेंट. साडेचार वर्षांनी मृत्यू आणि ॲटॅक दोन्हीकडे जवळपास सारखेच. तेव्हा आम्ही म्हणालो, स्टेंट जुने होते. मग ५,१७९ रुग्णांचा इस्केमिया अभ्यास झाला, नव्या स्टेंटसह आणि भारतीय रुग्णांसह. २०२०मध्ये छापून आला. पुन्हा तेच. कारण समजून घेतलं तर यात विचित्र काही नाही. ॲटॅक ८० टक्क्यांच्या जुन्या, कडक झालेल्या अडथळ्यामुळेच येतो असं नाही. पुष्कळदा कुठल्याशा ४० टक्क्यांच्या मऊ, चरबीच्या गाठीचं तोंड फुटतं आणि तिथे गुठळी होते. स्टेंट एका जागेची दुरुस्ती करतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, सगळ्या नळ्यांवर काम करतं.

मग स्टेंट टाकायचा कशाला? दुखणं जावं म्हणून. यावरही वाद झाला. २०१७च्या लंडनमधल्या ऑर्बिटा अभ्यासात निम्म्या रुग्णांना गुंगी देऊन खोटीच प्रक्रिया केली. भरपूर गोळ्या चालू असताना खऱ्या स्टेंटचा जास्तीचा फायदा जवळजवळ दिसलाच नाही. २०२३मध्ये त्याच गटाने छातीदुखीच्या गोळ्या थांबवून अभ्यास केला, तेव्हा खऱ्या स्टेंटने दुखणं स्पष्ट कमी झालं. माझा स्वतःचा अनुभव या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. पूल न थांबता चढता येणं ही लहान गोष्ट नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला ती किती मोठी आहे हे मी लंडनच्या संशोधकांना समजावू शकणार नाही.

चालू ॲटॅकची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. तिथे स्टेंट जीव वाचवतो, आणि या सगळ्या वर्षांत खरी झेप तिथेच आहे. १९६०च्या आधी ॲटॅक घेऊन रुग्णालयात पोचलेल्या १०० पैकी ३०च्या आसपास माणसं दगावत. मॉनिटर आणि शॉक देणारी यंत्रं आली, ते निम्म्यावर आलं. १९८८मध्ये गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन एकत्र देऊन पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२वरून ८ टक्क्यांवर आणता येतात हे दिसलं. त्यानंतर बंद धमनी थेट उघडण्याची पद्धत आली, ती गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली. अट एकच, वेळेत.

आणि आमच्याकडे वेळच जातो. २००८मध्ये छापलेल्या क्रिएट या भारतीय नोंदणीत ॲटॅकचे रुग्ण रुग्णालयात पोचायला मधली वेळ (निम्मे त्याआधी पोचले, निम्मे त्यानंतर) ३६० मिनिटं होती. सहा तास! गरीब रुग्णांना उपचार कमी मिळाले आणि त्यांतले जास्त गेले, हेही त्याच अभ्यासात आहे. मुंबईत कॅथलॅबना तोटा नाही. तोटा होतो तो आधीच्या तासांत. पहाटे चारला छातीत जळजळलं, इनो घेतलं. सहाला पुन्हा, मग शेजारच्यांनी कोमट पाणी आणि ओवा दिला. नऊला फॅमिली डॉक्टर उघडणार म्हणून वाट पाहिली. त्यांनी इसीजी काढून चिठ्ठी दिली, मग टॅक्सीने हायवेच्या गर्दीत. आम्ही रुग्णालयाच्या दारापासून फुग्यापर्यंत ९० मिनिटांच्या आत धमनी उघडतो आणि पाठ थोपटून घेतो. घरापासून दारापर्यंत पाच तास गेलेले असतात, त्यात मेलेला स्नायू परत येत नाही.

पैशांचंही सांगायला हवं, कारण निकालावर त्याचाही परिणाम होतो. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा औषधी स्टेंट २९,६०० रुपये ठरला, साधा ७,२६०. त्याआधी औषधी स्टेंटला लाखाच्या वर पडायचे. महापालिकेच्या रुग्णालयांत सोशल वर्करच्या टेबलासमोर सिद्धिविनायक न्यासाचे अर्ज भरत बसलेली कुटुंबं मी वर्षानुवर्षं पाहिली. पैसे जमेपर्यंत रुग्ण साध्या स्टेंटवर समाधान मानायचा, आणि सहा महिन्यांनी परत यायचा. आता सरकारी योजनेतही औषधी स्टेंट बसतो. ही सुधारणा कुठल्या प्रयोगशाळेतून आली नाही.

आता मेव्हण्यांची बायपास. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मधुमेह आणि दोन-तीन धमन्यांत मोठे अडथळे, अशा १,९०० रुग्णांचा फ्रीडम अभ्यास २०१२मध्ये आला. पाच वर्षांत मृत्यू स्टेंटमध्ये १६.३ टक्के, बायपासमध्ये १०.९. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त, ५.२ विरुद्ध २.४. छातीच्या आतली मॅमरी धमनी एलएडीला जोडली तर दहा वर्षांनी १०० पैकी ९०हून जास्त चालू असतात, पायाच्या शिरा मात्र तोवर निम्म्याच्या आसपास खराब होतात. तुमचे वडील २२ वर्षं काढू शकले त्यात बहुधा त्या मॅमरीचा हात असावा.

पण तुम्हाला फ्रीडममधल्या रुग्णांत बसवायच्या आधी एक गोष्ट तपासायला हवी: तुमचा उजवीकडचा ६० टक्क्यांचा अडथळा खराच त्रास देतोय का? चित्रातला टक्का डोळ्यांनी ठरवलेला असतो. दोन डॉक्टर बसले की ६०चे ७० होतात. अडथळ्याच्या पलीकडे बारीक तार नेऊन रक्ताचा दाब मोजता येतो, त्याला एफएफआर म्हणतात. २००९च्या फेम अभ्यासात अशी मोजणी करून स्टेंट टाकलेल्यांना स्टेंट कमी लागले आणि वर्षभरात त्रासही कमी झाला. तो दाब ठीक निघाला तर उजवीकडे हात लावायचा नाही. मग तुमचा आजार एका धमनीचा उरतो आणि तिथे स्टेंट किंवा काही आठवडे नीट गोळ्या घेऊन पाहणं, दोन्ही रास्त आहे. तो दाब खराब निघाला आणि एलएडीचा अडथळा अगदी तोंडाशी असेल, तर स्टेंट टाकण्याआधी सर्जनशी बसून बोला. त्याच टेबलावर, गुंगीत असताना, ‘आत्ताच टाकून टाकू का’ या प्रश्नाला बाहेर उभ्या बायकोने सही करून उत्तर द्यावं अशी वेळ येऊ देऊ नका. तुम्ही ॲटॅकमध्ये नाही आहात, तुमच्याकडे आठवडा आहे.

स्टेंट ठरलाच तर डॉक्टरांना विचारा की आतून सोनोग्राफी किंवा ओसीटी (प्रकाशाने धमनीचं आतलं चित्र काढणं) करून जाळी नीट बसली की नाही हे पाहणार का. अवघड अडथळ्यांत त्याने पुढचा त्रास कमी होतो हे २०२३पर्यंत चांगलं सिद्ध झालंय, आणि आपल्याकडे खर्चामुळे ते बऱ्याचदा गाळलं जातं. दोन गोळ्यांचा काळ तुमच्यासारख्यांत साधारण सहा महिने. नंतर एक कायमची. स्टॅटिन कायमचं. साखर आणि तंबाखू यांचं मी पुन्हा सांगत नाही, आई सांगतीलच.

अँजिओची सीडी आणि रिपोर्ट दोन्ही मागून घ्या. नुसत्या रिपोर्टवर मत देणाऱ्याचं मत घेऊ नका, माझंही नाही. वर लिहिलेलं सगळं चित्र न पाहता लिहिलंय.

आणि या आठवड्यात दुखणं बसल्या जागी आलं, वीस मिनिटं राहिलं, घाम सुटला, तर यातलं काहीही लागू नाही. १०८ला फोन करा आणि जवळच्या कॅथलॅबमध्ये जा, मुंबईत ओळखीच्या डॉक्टरांकडे यायला निघू नका. डोंबिवली-कल्याणात तशी कॅथलॅब कुठे आहे आणि रात्री दोन वाजता तिथे टीम येते का, ते आज संध्याकाळीच फोन करून विचारून ठेवा.